उभा की आडवा

राग आलेल्या माणसाने एकदा आरशात पाहावं. स्वतःचा चेहरा दिसला की राग आपोआप विरघळतो. विचार मोठा आहे. फक्त तो ज्याला सुचला त्याच्या घरातला आरसा आधीच जागेवर लागलेला होता, यात शंका नाही. ज्याला आरसा अजून टांगायचा असतो, त्याला राग सकाळीच येतो, दिवसभर मुक्कामाला राहतो, आणि आरसा आपल्या सवडीने येतो.

साहेबांच्या घरात तर राग आरशाच्या कितीतरी आधीपासून नांदत होता. साहेब एका मोठ्या कचेरीत तक्रार निवारण विभागाचे प्रमुख होते. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि घरी येऊन स्वतःच्या करायच्या, असं त्यांचं आयुष्य सरळ रेषेत चाललं होतं. कचेरीत पाठीमागे त्यांना ‘घोरपड’ म्हणत, कारण एकदा धरलं की ते सोडत नसत. हे नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते कोणी ठेवलं याचा त्यांनी इतका कसून शोध घेतला, की ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही ठाऊक झालं.

“मी सोडणार नाही!” हे साहेबांचं वाक्य. “अहो, सोडा ना!” हे त्यांच्या पत्नीचं. समोर दूधवाला असो, बँकेतला कारकून असो, की चुकीचा नंबर लावून वर “कोण बोलतंय?” असं विचारणारा अनोळखी माणूस असो, ही दोन वाक्यं ठरल्याप्रमाणे एकामागून एक यायची. बाईंनी ‘सोडा’ म्हणायचं आणि साहेबांनी सोडायचं नाही, यावर संसार व्यवस्थित चालला होता. या कामात दोघांनीही कधी कुचराई केली नव्हती.

बाई कपडे शिवत. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचा छोटा गाळा होता आणि गाळ्यात एक मोठा आरसा होता: माणसापेक्षा उंच, जाड काचेचा, चौघांनी उचलावा असा. त्याच्यासमोर उभं राहून कित्येक बायकांनी “इथे थोडं सैल करा” आणि तिथेच पुढच्या वर्षी “आणखी थोडं” असं म्हटलं होतं. मग गाळ्याच्या मालकाला तिथे मोबाइलचं दुकान हवं झालं. त्याने गाळा रिकामा करून घेतला. मशीन, इस्त्री, कापडाचे तागे आणि आरसा पायरीवर आणून ठेवला. त्यात आरशाची जुनी चौकट एका कोपऱ्यात उसवली.

बाईंनी घरच्या हॉलमध्ये काम सुरू करायचं ठरवलं. पण गिऱ्हाइकांना घर सापडेना, किंवा सापडूनही दाराशी साहेब भेटत. बघता बघता बायका दुसरीकडे पांगल्या. एकच उरली, एक नवरी. तिचा लग्नाचा पोशाख बाईंकडे शिवायला होता, आणि तिच्या बहिणी, मैत्रिणी, चुलत्या सगळ्या तिच्याकडे डोळे लावून बसल्या होत्या. तिला आवडलं तर त्या येणार, नाही तर नाही. नवरीने फोनवर एकच अट घातली होती.

“काकू, मोठा आरसा आहे ना पण? मला डोक्यापासून पायापर्यंत एकदम दिसायला हवं. तुकड्यातुकड्यांत बघायला माझ्याही घरी आरसा आहे.”

“आहे गं! तू शनिवारी पाचला ये तर खरी,” बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून साहेबांकडे वळल्या. “अहो, शनिवारच्या आत आरशाला नवी चौकट करून तेवढा लावून घ्यायला हवा. ही गेली ना, तर मशीनवर कायमची चादर टाकायची मी.”

“लावतो म्हणजे काय! भिंतीवर असा टांगतो, की भिंत पडेल पण आरसा पडणार नाही.”

“भिंतीवर कशाला? अहो, दुकानात तो—”

“दुकानाचं नाव काढू नकोस!” साहेब कडाडले. “त्या मालकाला मी सोडणार नाही!”

“सोडा ना आता,” बाई म्हणाल्या. पण तोवर साहेब मालकाचा नंबर शोधायला लागले होते.

फ्रेमवाल्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. हा माणूस आयुष्यभर बहुतेक गेलेल्या लोकांच्या फोटोंना चौकटी करत आला होता, त्यामुळे त्याचा आवाज कायमचा सांत्वनाला लागला होता. टेम्पोतून आरसा उतरवला, तेव्हा त्याने हात जोडले.

“मोठे होते का?”

“कोण?”

“जे गेले ते.”

“कोणी गेलेलं नाही! आरसा आहे हा!”

“बरं, बरं,” फ्रेमवाला हळुवारपणे म्हणाला. “आधी सगळे असंच म्हणतात. सागवानी पट्टी लावू? मागून जाड प्लाय, कडेला लोखंडी हुक. आणि तेवढं सांगा, उभा की आडवा?”

नेमका त्याच क्षणी गाळ्याच्या मालकाने साहेबांचा फोन उचलला. सकाळपासून तो उचलत नव्हता, म्हणून साहेबांचा राग चांगला मुरला होता.

“काय हो!” साहेब फोनमध्ये गरजले. “बायकांचं सामान पायरीवर फेकता? वर फोन उचलत नाही? समोर या एकदा... काय? काय करीन? आडवा! आडवा करतो की नाही बघा!”

“आडवा,” फ्रेमवाला पुटपुटला, आणि खडूने काचेच्या मागे तशी खूण केली.

शनिवारी साहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रजा मंजूर करणाऱ्यावर ते चिडले, कारण त्याने कारण विचारलं. आणि घरी आले तर मेहुणा आधीच येऊन चहा पीत होता, म्हणून त्याच्यावर चिडले. बाईंच्या या धाकट्या भावाला सगळे ‘अंदाजे’ म्हणत. त्याने आयुष्यात कधी मोजपट्टी वापरली नव्हती. वाण्याकडची साखर असो की नवीन सोफ्याची जागा, तो डोळा बारीक करायचा, अंगठा पुढे धरायचा आणि म्हणायचा, “अंदाजे बसेल.” बसत नसे, पण त्याचा आत्मविश्वास तसूभरही हलत नसे. आज तो कोणाकडून तरी ड्रिल मशीन मागून घेऊन आला होता.

“भाऊजी, काळजी करू नका. मी आलोय.”

“तीच काळजी आहे,” साहेब म्हणाले.

दुपार कलायला लागली तेव्हा फ्रेमवाला आरसा घेऊन आला. चौकट खरंच देखणी झाली होती. हमालांनी आरसा हॉलमध्ये भिंतीशी टेकवला आणि ते घाम पुसत निघून गेले. मग सगळे जरा मागे सरकून पाहायला लागले.

“भाऊजी,” अंदाजे म्हणाला, “हा झोपलाय.”

आरसा झोपलेला होता. दोन्ही जाडजूड हुक त्याच्या लांब बाजूला होते. त्यात समोरच्या माणसाची छाती, पोट आणि सोफ्याच्या दोन्ही कडा दिसत होत्या. पाय नव्हते आणि डोकं नव्हतं.

“यात नवरीचा फक्त मधला भाग दिसेल,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. “तेवढ्यावर कोणी पोशाख पसंत करतं का?”

साहेब सावकाश फ्रेमवाल्याकडे वळले. “हा आडवा का आहे?”

“तुम्ही सांगितलंत म्हणून.”

“मी? मी आडवा म्हणालो?”

“ओरडून म्हणालात, साहेब. रस्त्यावरची माणसं थांबली होती.”

“ते आरशाला नव्हतं!”

“मग कोणाला?”

“माणसाला! एका माणसाला आडवा करणार होतो मी!”

फ्रेमवाल्याने मान हलवली. “माणसाला आम्ही उभाच करतो, साहेब. फोटो आडवा चांगला नाही दिसत.”

“मी तुला सोडणार नाही!”

“अहो, सोडा ना! पाच वाजता ती येतेय,” बाई मध्ये पडल्या. “हुक काढून दुसरीकडे लावता येतील ना हो? आणि खरं सांगायचं तर हुकांचीच काही गरज नाही, दुकानात तो आरसा—”

“तू थांब जरा!” साहेब म्हणाले. “सगळ्यांनी मिळून मला वेडा ठरवायचं ठरवलंय!”

बाई थांबल्या. त्यांना पोशाखाची दुमड टाचायची होती.

फ्रेमवाल्याने हुक काढले. स्क्रू सागवानात इतके घट्ट बसले होते, की प्रत्येक स्क्रू निघताना दाढ काढल्यासारखा आवाज करत होता. अखेर हुक आखूड बाजूला लागले आणि आरसा तत्त्वतः उभा झाला. आता राहिली भिंतीला दोन भोकं. अंदाजेने डोळा बारीक करून, अंगठा पुढे धरून भिंतीवर पेन्सिलीने दोन फुल्या मारल्या आणि ड्रिलची वायर प्लगमध्ये घातली. मग बाईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं.

“चार वाजायचेत अजून.”

त्या इमारतीत दुपारी चारपर्यंत कोणी भिंतीला भोकं पाडायची नाहीत, असा नियम होता. हा नियम साहेबांनीच करवून घेतला होता. पलीकडच्या घरात एक निवृत्त ग्रंथपाल राहत. त्यांनी एकदा सुट्टीच्या दुपारी पुस्तकांची फळी लावली, आणि साहेबांची झोपमोड झाली. त्यानंतर साहेबांनी इमारतीची बैठक बोलावली, आवाजाचे दुष्परिणाम यावर पाऊण तास भाषण केलं, आणि मध्येच कोणी चहाला उठू नये म्हणून दाराशी खुर्ची टाकून बसले. नियम एकमताने झाला. ग्रंथपालांनीही हात वर केला होता. ते कायम कुजबुजत बोलत. आयुष्यभर वाचनालयात राहिल्यामुळे त्यांचा आवाज वर येणं विसरला होता. नेमक्या याच गोष्टीने साहेबांचं डोकं फिरे. ज्याच्याशी भांडायचं, त्याने निदान ऐकू येईल इतपत तरी बोलावं.

“चारपर्यंत थांबलो, तर पाचच्या आत होत नाही,” फ्रेमवाला म्हणाला.

साहेबांनी खोल विचार केला. “नियम उपद्रवासाठी असतो. आपली गरज आहे. चालव.”

अंदाजेने ड्रिल चालवलं. पहिल्या फुलीपाशी भिंतीतून पांढरा भुगा आला, मग विटेचा तांबडा, आणि एक सुबक भोक पडलं. साहेबांनी नाइलाजाने मान डोलावली. दुसऱ्या फुलीपाशी ड्रिल जरा आत गेलं, मग भसकन मुळापर्यंत गेलं, आणि अंदाजे तोल जाऊन भिंतीला जवळजवळ आलिंगन देऊन उभा राहिला.

“भिंत पातळ आहे,” तो म्हणाला. “अंदाजे.”

थोड्या वेळाने दार वाजलं. दारात ग्रंथपाल उभे होते. झोपेतून उठल्यामुळे त्यांचे केस एका बाजूला उभे राहिले होते.

“वहिनी,” ते कुजबुजले, “तुमचं ड्रिल आमच्याकडे आलंय.”

“काय?” साहेब आतून ओरडले.

“ड्रिल. आमच्या भिंतीतून बाहेर आलंय. तिथे पुस्तकांचं कपाट आहे. शब्दकोशात शिरलंय. ‘भ’ची पानं गेली.”

“अगं बाई!” बाईंनी तोंडावर हात ठेवला. “अहो, माफ करा हो, आम्ही—”

“माफी कसली मागतेस?” साहेब पुढे आले. “एक अक्षर गेलं! ‘भ’वाचून तुमचं अडलंय कुठे?”

“भांडायचं होतं,” ग्रंथपाल कुजबुजले. “पण आता तो शब्दच नाही.”

आणि ते निघून गेले. साहेब संतापाने दारापर्यंत धावले. समोरचा निघून गेला तर उत्तर द्यायचं कोणाला?

इकडे फ्रेमवाला स्टुलावर चढून त्या भोकात डोळा लावून बसला होता. तो खाली उतरला, तेव्हा त्याचा चेहरा नेहमीपेक्षाही गंभीर होता.

“साहेब, हे भोक आरपार आहे. यात स्क्रू धरून ठेवणारी गिट्टी बसणार नाही. स्क्रू घातला तर सरळ शेजारी जाऊन पडेल. आणि एवढं वजन एका हुकावर टाकलं तर...” त्याने वाक्य पूर्ण केलं नाही. अशी वाक्यं तो लोकांना पूर्ण करू देत असे.

“दुसरं भोक पाडतो मी,” अंदाजे म्हणाला.

“नको!” तिघंही एकदम ओरडले.

“एक उपाय आहे,” फ्रेमवाला म्हणाला. “इथून लांब बोल्ट घालायचा आणि पलीकडून कोणीतरी त्याला नट लावायचा. मग मात्र जन्मात हलणार नाही.”

पलीकडून म्हणजे कोणाकडून, हे कोणालाच विचारायची गरज नव्हती. घड्याळात चार वाजून गेले होते. बाईंनी सुया लावलेली उशी मनगटावरून काढली, नट हातात घेतला आणि काही न बोलता शेजारी गेल्या. तिथे त्या काय बोलल्या ते कोणाला कळलं नाही, पण परतल्या तेव्हा हात रिकामा होता.

“लावतायत ते नट. स्टुलावर उभे राहिलेत बिचारे. तुम्ही मात्र तोंडातून एक शब्द काढू नका.”

“मी कशाला काढू?”

बाईंनी कापडाचे तागे ओढून भिंतीच्या पायथ्याशी सारले, म्हणजे चुकून खालची कड टेकलीच तर फरशीवर आपटू नये. मग साहेबांनी एका बाजूने आणि अंदाजेने दुसऱ्या बाजूने आरसा धरला. फ्रेमवाल्याने स्टुलावरून हाक दिली, “उचला!” आणि आरसा वर निघाला. साहेबांच्या मानेच्या शिरा फुगल्या. अंदाजे लाल झाला. काचेतून दोन भयंकर चेहरे त्यांच्याकडे पाहत होते.

“आणखी वर! थोडं डावीकडे! डावीकडे म्हणजे माझ्या! हां. आता धरून ठेवा.”

पहिला हुक बसला. फ्रेमवाल्याने स्क्रू नुकता टेकवला, अजून आवळला नव्हता. मग तो बोल्ट घेऊन दुसऱ्या हुकाकडे वळला, आणि तेवढ्यात भिंतीतून कुजबुज आली.

“एक मिनिट.”

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. भोकाच्या आत काहीतरी चमकत होतं. तो ग्रंथपालांचा चष्मा असावा.

“नट लावायला माझी हरकत नाही,” भोक म्हणालं. “फक्त साहेबांनी एवढंच म्हणावं, की दुपारी भोक पाडलं ही चूक झाली.”

साहेबांच्या हातात निम्मा आरसा होता, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, आणि तो पुसायला हात नव्हता. बाकी माणसांनी अशा वेळी पटकन ‘झाली’ म्हणून मोकळं व्हावं. साहेब म्हणाले, “चूक? माझी? आणि तुम्ही फळी लावलीत तेव्हा?”

“तेव्हा नियम नव्हता.”

“नियम नव्हता, पण अक्कल होती ना?”

“भाऊजी,” अंदाजे कण्हला, “म्हणून टाका. हात गळून पडतील माझे.”

“अजिबात नाही! हा मला कोंडीत पकडतोय! भिंतीआडून! समोर या म्हणावं!”

“समोर आलो होतो,” भोक म्हणालं. “तुम्ही ‘भ’वाचून काय अडलंय म्हणालात.”

“मी सोडणार नाही! ऐकताय? मी सोडणार नाही!”

“सोडू नका, साहेब,” फ्रेमवाला स्टुलावरून अगदी मनापासून म्हणाला. “काहीही झालं तरी सोडू नका.”

“ताई, यांना सांग ना काहीतरी!” अंदाजे ओरडला.

दाराची घंटा वाजली. नवरी आली होती, तीही वेळेच्या आधी. सोबत आई होती. बाईंनी दाराकडे पाहिलं, मग आरशाकडे, मग भिंतीतल्या त्या चमकणाऱ्या चष्म्याकडे. त्या ताडकन उठल्या, तसा मांडीवरचा पोशाख खाली पडला. कित्येक वर्षांत कधी लागला नव्हता असा आवाज त्यांच्या घशातून निघाला.

“अहो, सोडा! एकदा तरी माझं ऐका! आयुष्यात एकदा! सोडा म्हणते ना मी, सोडा!”

आणि साहेबांनी सोडलं.

असं का झालं, यावर नंतर बरीच चर्चा झाली. कोणी म्हणालं, घामाने हात निसटला. कोणी म्हणालं, एवढा आवाज ऐकून माणूस दचकणारच. खरं इतकंच, की बाईंनी आजवर असंख्य वेळा ‘सोडा’ म्हटलं आणि साहेबांनी कधीच सोडलं नाही. आज पहिल्यांदाच त्यांनी पत्नीची आज्ञा शब्दशः, तत्काळ आणि दोन्ही हातांनी पाळली.

आरसा कलला. अंदाजे “ओ भाऊजी, ओ भाऊजी” म्हणत आपल्या बाजूने त्याच्याबरोबर खाली जात राहिला, शेवटी गुडघ्यांवर बसला. न आवळलेला स्क्रू भिंतीतून टणकन उडाला. आरशाची खालची कड घसरत घसरत कापडाच्या ताग्यांवर आली, दबली, थोडी मागेपुढे झाली आणि थांबली. वरची कड भिंतीला टेकली. फ्रेमवाल्याने डोळे मिटून हात जोडले होते.

काहीच फुटलं नव्हतं. पण काच फुटल्यावर जशी शांतता असते, तशीच ती होती.

“नट लावू का?” भिंत म्हणाली.

“सोडलात?” बाईंनी विचारलं. आता आवाज अगदी खाली होता, आणि तो आधीच्या आवाजापेक्षा जास्त भीतिदायक होता. “आरसा सोडलात?”

“तूच म्हणालीस सोडा!”

“मी भांडण सोडा म्हणाले!”

“मग तसं स्पष्ट बोलायचं! नुसतं ‘सोडा’! काय सोडा? वाक्यात कर्म कुठे होतं?”

“कर्म माझं!” बाई म्हणाल्या. “ते वाक्यात नाही हो, कपाळात आहे! इतकी वर्षं ‘सोडा’ म्हटलं की धरून ठेवायचं, हे तुम्हाला बरोब्बर कळत होतं. दूधवाल्याला सोडलं नाहीत, बँकवाल्याला नाही, तो फोन चुकून लागलेला, त्याला सुद्धा उलट फोन करून धरलंत. आणि सोडायला काय मिळालं तुम्हाला? माझा आरसा!”

साहेब काहीतरी बोलणार होते. पण बोलण्यासाठी त्यांनी मान वळवली, आणि समोर डोक्यापासून पायापर्यंत एक माणूस उभा दिसला. केस विस्कटलेले, नाकावर विटेचा तांबडा भुगा, तोंड उघडं, एक बोट उगारलेलं. साहेबांना त्याचा भयंकर राग आला. असल्या माणसाला खरं तर सोडता कामा नये, असं त्यांना वाटलं. पण तोही त्यांच्याकडे तसंच पाहत होता, म्हणून त्यांनी बोट खाली घेतलं. त्यानेही घेतलं.

“येऊ का काकू?” दारातून आवाज आला.

दार उघडंच होतं. नवरी आणि तिची आई चपला काढून आत आल्या. त्यांनी स्टुलावर हात जोडून उभा असलेला माणूस पाहिला, गुडघ्यांवर बसलेला दुसरा पाहिला, भिंतीच्या भोकातून येणारा “नमस्कार” ऐकला, आणि शहाण्या माणसांसारखं काहीही विचारलं नाही. बाईंनी खाली पडलेला पोशाख झटकला. नवरी आतल्या खोलीत गेली, पोशाख घालून आली आणि आरशासमोर उभी राहिली.

हॉलमधले सगळे तिच्याकडे पाहत होते. भिंतीतला चष्माही स्थिर होता.

आरसा जरा मागे झुकला होता, त्यामुळे ती त्यात थोडी उंच दिसत होती. पायाच्या बोटांपासून केसातल्या पिनेपर्यंत सगळं एका नजरेत होतं. तिने एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून, घेर दोन्ही हातांनी धरून स्वतःभोवती एक गिरकी घेतली. पोशाख फुलून खाली बसला.

“अय्या, आई!” ती म्हणाली. “बघ ना! अगदी दुकानातल्यासारखंच दिसतंय!”

“हो गं,” आई म्हणाली. “उलट छानच. चुलत्यांना सांगते मी. त्यांना पुढच्या आठवड्यात पाठवू का हो तुमच्याकडे?”

“पाठवा,” बाई म्हणाल्या. टाचण्या तोंडात धरून त्या घेराजवळ खाली बसल्या होत्या, त्यामुळे त्यांचा चेहरा कोणाला दिसला नाही.

फ्रेमवाला स्टुलावरून उतरला. त्याने पिशवीतून दोन लाकडी ठोकळे काढले, तागे सावकाश बाजूला केले, आणि ठोकळे आरशाच्या पायाशी घट्ट बसवले. अंदाजेने डोळा बारीक करून पाहिलं. “अंदाजे बरोबर आहे,” तो म्हणाला. कोणी विरोध केला नाही.

साहेब सोफ्याच्या कडेला टेकले. बराच वेळ ते त्या दोन भोकांकडे पाहत होते. एकातून उजेड येत होता.

“पण मला एक सांग,” शेवटी त्यांनी बाईंना विचारलं. “दुकानात हा आरसा भिंतीला लावला कोणी होता? हुक तर जुन्या चौकटीला दिसले नाहीत मला.”

बाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या.

“कोणीच नाही. दुकानात तो जमिनीवरच उभा होता.”